सहभागी क्रमांक पाच

"अय्या, तुम्ही पुरुष आहात!"

वाक्य तोंडातून निसटलं आणि नेरिसला वाटलं, आत्ताच्या आत्ता धरणी दुभंगावी... शुक्रवारची संध्याकाळ, पोर्ट टॅलबटमधलं तळलेल्या माशांचं दुकान, दारापर्यंत रांग. काचेवर पावसाचे ओघळ, आत गरम बटाट्यांचा आणि व्हिनेगरचा वास. तिच्या पुढचा उंचापुरा माणूस सावकाश वळला. अंगात केअर होमचा निळा सदरा, छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ.

"आई तरी असंच सांगते," तो म्हणाला. "का हो? काही शंका?"

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या.

"शंका नाही... म्हणजे मला पुरुषच हवाय— तसा नाही हो! केअरमध्ये काम करणारा. चार मिळालेत, पाचवा हवाय."

"चार असून पाचवा हवाय," तो दुकानदाराला म्हणाला. "बाईंची भूक मोठी आहे. त्यांच्या पुड्यात बटाटे जास्त घाला."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते काही खोटं नाही. नेरिस प्यू अठ्ठावीस वर्षांची होती आणि गेली नऊ वर्षं वृद्धांच्या केअर होममध्ये राबत होती. दोन वर्षांची पदविका तिने नोकरी सांभाळून केली होती. आता कॉलेजात वरचं एक वर्ष पुरं केलं, की आरोग्य आणि सामाजिक काळजी या विषयातली पदवी हातात. होमच्या मॅनेजरबाईंनी उपव्यवस्थापकाची जागा तिच्यासाठी जुलैपर्यंत राखून ठेवली होती, आणि तिच्या आईने ती बातमी निम्म्या गल्लीला कधीच सांगून टाकली होती. मध्ये उभा होता तो फक्त प्रबंध. दुसरी नोकरी सोडून काळजीच्या कामात आलेले पुरुष, हा विषय. मुलाखती पाच, एकही कमी चालणार नाही, असं कॉलेजच्या संशोधन समितीने बजावलेलं. आणि गावात असे पुरुष शोधून सापडत नव्हते.

त्याचं नाव गेथिन. वय एकतीस. अकरा वर्षं पोलादाच्या भट्टीवर काढलेली. भट्टी बंद पडली, तसा हा गावातल्या दुसऱ्या एका केअर होममध्ये आला. मंगळवारी तो कॉलेजच्या लायब्ररीतल्या छोट्या खोलीत हजर झाला. भांग पाडून.

नेरिसने गंभीर चेहऱ्याने माहितीपत्रक वाचलं. "तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही सहभागी क्रमांक पाच. एकतीस मार्चपर्यंत तुम्ही कधीही माघार घेऊ शकता, मग तुमची मुलाखत पुसून टाकली जाईल. कारण विचारलं जाणार नाही."

"कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"तरीच. वाचताना बाईंची छडी दिसते."

तिने ओठ घट्ट मिटले आणि रेकॉर्डर चालू केला.

तो आधी थट्टेत बोलत होता. मग कधीतरी त्याचा आवाज उतरला. "भट्टीवर माझा हात कधी कापला नाही. पण इथे पहिल्याच आठवड्यात एका आजोबांची दाढी करायची होती. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले... सख्ख्या बापाच्या गालालाही मी कधी हात लावला नव्हता. मला घाम फुटला. तेव्हा त्यांनीच माझं मनगट धरलं. म्हणाले, 'सावकाश रे, मला कुठे गाडी पकडायचीय?'"

नेरिस खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. त्याला ते दिसलं. तिने घाईघाईने पुढचा प्रश्न वाचला.

मुलाखत लिहून काढली की सहभागी माणसाला ती वाचायला द्यायची असते. एकदा. गेथिनने ती तीनदा वाचली, तिन्ही वेळा तिच्यासमोर बसून, चहासकट. एकदा स्वल्पविराम चुकलाय म्हणून, एकदा चुकलेला नाही म्हणून. तिसऱ्या वेळी कारणच सांगितलं नाही, आणि 'अहो-जाहो'ही त्याच दिवशी सुटलं.

मार्गदर्शक डॉ. प्रॉसर बाईंनी ती मुलाखत वाचली आणि चष्मा काढला. "नेरिस, हा तुझ्या प्रबंधाचा कणा आहे. पहिला वर्ग मिळेल. एकच विचारते. कंसात 'हशा' असं तू सत्तावीस वेळा लिहिलंयस. त्यातले एकोणीस तुझे आहेत."

"ते... विषयच तसा होता, मॅडम."

"दाढीचा?" बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "सहभागी व्यक्तीशी संशोधकाचा खासगी संबंध नाही, असं शेवटी सही करून लिहायचं असतं. आठवतंय ना?"

"हो मॅडम. तसं काही नाही."

चोराच्या मनात चांदणं! बाईंनी पुढे काही विचारलं नाही, पण नेरिसचे कान लाल झाले ते बस मिळेपर्यंत लालच राहिले.

शनिवारी आबेरावनच्या किनाऱ्यावर वारा नुसता भणाणत होता. गेथिनने आइस्क्रीमचे दोन कोन आणले. एवढ्या थंडीत आइस्क्रीम खाणारी ती दोघंच.

"मला 'नाही' असं लिहून द्यायचंय," ती म्हणाली. "सहीनिशी."

"काय नाही?"

"आपल्यात काही."

"आणि आहे का?" त्याने अगदी हळू विचारलं.

तिचं मन ओरडून 'हो' म्हणत होतं. तोंडाने ती म्हणाली, "नसायला हवं, गेथिन. नऊ वर्षं वाट पाहिलीय मी या पदवीची. पाचातला एक गेला की सगळंच गेलं. आणि खोटी सही... तीही नाही जमणार मला."

त्याने तिला बसथांब्यापर्यंत सोडलं आणि हात वर करून निघून गेला. त्यानंतर दहा दिवस ना फोन, ना स्वल्पविराम. नेरिसने रोज एक निरोप लिहिला आणि रोज खोडला.

एकतीस मार्चला दुपारी ती त्याच छोट्या खोलीत टाइप करत बसली होती. दार उघडलं. गेथिन आत आला आणि त्याने एक कागद तिच्यापुढे ठेवला. माघारीचा अर्ज. खाली ठसठशीत सही.

नेरिसने तो उचलून दोनदा वाचला. सगळे प्रश्न जिभेवर येऊन उभे राहिले, आणि एकही विचारायची सोय नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ!

"विचार ना," तो म्हणाला.

"कारण विचारलं जाणार नाही," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"विचारू नकोस मग. कागदावर पोचल्याची सही कर, आणि जे पुसायचं असतं ते पूस."

ती तिरीमिरीत उठली. सही केली. रेकॉर्डिंग उघडलं... बोट थांबलं. त्या आवाजात ते आजोबा होते, तिचे एकोणीस हशे होते, पहिला वर्ग होता. तिने डोळे मिटून बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली. "आता जा. माझा प्रबंध बुडवल्याबद्दल आभार."

"बुडतोय कसा? खाली मर्विन बसलाय. वय त्रेसष्ट, तीस वर्षं बस चालवली, गेल्या वर्षापासून आमच्याकडे आहे. दहा दिवस त्याच्या विनवण्या करतोय. हातात तुला हवा तसा पाचवा असल्याशिवाय कोणत्या तोंडाने येणार होतो?"

नेरिसने माघारीचा अर्ज बाजूला सारला.

"तू कारण विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगतो," गेथिन म्हणाला. त्याचे कान आता लाल झाले होते. "तू मला आवडतेस. फार आवडतेस. तुझ्या प्रबंधात राहिलो, तर तुला माझ्याबद्दल 'काही नाही' अशी सही करावी लागेल. आणि ती खोटी व्हावी असं मला मनापासून वाटत होतं..."

"पहिला वर्ग गेला माझा."

"ठाऊक आहे. राग आलाय?"

"आलाय. खूप." ती टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली. "आणि तूही मला आवडतोस, खूप... हे आत्तापर्यंत म्हणता येत नव्हतं, म्हणून जीव नुसता गुदमरत होता."

त्याने तिचे हात हातात घेतले. मोठे, खरखरीत, ऊबदार पंजे. ती टाचा उंचावून त्याच्या अगदी जवळ गेली, आणि नेमका तेव्हाच दारावर ठकठक झाली.

"मुलाखत इथेच ना, पोरी?" टोपी हातात घेऊन मर्विन दारात उभा होता. "की आधी याची संपू दे?"

"या, बसा मर्विन." नेरिसने रेकॉर्डर पुढे ओढला, दुसरा हात मात्र गेथिनच्या हातातच राहिला. "फक्त याला बाहेर थांबावं लागेल. मुलाखतीच्या वेळी संशोधकाच्या घरच्या माणसांना आत बसायची परवानगी नसते."