शेखरच्या मशीनमधून जाणारे फोटो

कोणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. मागच्या जूनमध्ये, अमडापूरला, भर दुपारी हे माझ्यासमोर घडलंय.

माझं ऑनलाइन सेंटर आहे. आधी ते शेखरचं होतं. तो अपघातात गेला, आणि त्याच्या वडिलांकडून, अर्जुनरावांकडून, मी ते कॉम्प्युटरसकट घेतलं.

शेखर दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा आणि कोपऱ्यात थुंकायचा. फिनाईलनं भिंती धुता धुता माझे हात सोलले. शी!

त्या दुपारी शालूबाई तिच्या मुलीला, प्राचीला घेऊन आली. नर्सिंगच्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस होता.

मार्कशीट साइटवर गेली. दाखला गेला.

प्राचीचा फोटो मात्र... अडकला.

अपलोडची रेषा अर्ध्यावर यायची आणि तिथंच थांबायची. राउटर बंद-चालू केला. वायर बदलली. मोबाईलवर तर साइटच उघडेना.

"ताई, संध्याकाळी साइट बंद होते न?" शालूबाई रडकुंडीला आली. "पोरीचं वर्ष जाईन माह्या."

मी नेटवर्कची सेटिंग उघडली. प्रॉक्सी चालू होती. म्हणजे आमची प्रत्येक फाइल साइटवर जाण्याआधी मधल्या एका कॉम्प्युटरमधून जात होती. कोणत्या, ते कळेना. मी अर्जुनरावांना फोन लावला.



"आतल्या खोलीतलं शेखरचं मशीन असन थे," ते म्हणाले. "पोरींचे फोटो ठेवून घ्याचा तो त्याच्यात. मले तो गेल्यावर समजलं. म्या माह्या हातानं फोडलं, सुचिता. भंगारात देलं."

शिसारी आली मला. किती जणी विश्वासानं या खुर्चीवर बसून गेल्या असतील!

मग डोक्यात आलं... मशीनच नाही, तर त्यातून काहीच जायला नको. मार्कशीट गेली कशी?

मी प्रॉक्सी बंद केली.

ती परत... चालू झाली.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला.

पच्च.

खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

माऊस हाताला चिकट लागला. लालसर लाळ, त्यात सुपारीचा चुरा. अजून कोमट होती ती. मी ओढणीला हात पुसत सुटले, तरी वास जाईना.

"काऊन ताई, काय झालं?" प्राचीनं विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. पोरीचं तोंड कडू झालं.

"त्याले नाही देत मी माहा फोटो," ती म्हणाली आणि तिनं वायरच उपटली.

नेट गेलं.

रेषा मात्र... हलली.

सरकत सरकत पुढे गेली आणि भरली. स्क्रीनवर अक्षरं आली. अपलोड पूर्ण.

वायर प्राचीच्या हातात होती.

आत कोणीतरी सावकाश चघळत होतं.

दुकान उघडं टाकून आम्ही तिघींनी स्कूटीवर चिखली गाठली. तिथल्या सेंटरवर साइट उघडली. मार्कशीट होती, दाखला होता. फोटोची जागा रिकामी होती. तिथून फोटो टाकला, आणि ॲडमिशन झालं.

मी ती जागा सोडली. कॉम्प्युटर नवे घेतले. प्राची सुट्टीत आली की भेटायला येते, आणि निघताना हमखास विचारते.

"ताई, थो पहिला फोटो साइटवर तं गेलाच नाही. मंग हाये कोणापाशी?"

उत्तर आम्हा दोघींनाही माहीत आहे. ते तोंडातून काढायची किळस येते.