हिवरखेडच्या अर्जावरची बांगडी

कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीचे व्यापारी दर बोजामागे धर्मादाय काढत आणि वर्षाकाठी एका गावच्या देवळाला लोकांच्या कामासाठी देत. १८६४ साली तो हिवरखेडच्या देवळातल्या शाळेला मिळणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

श्रावणात मात्र हिवरखेडची तीन माणसं खुशालरावांच्या ओसरीवर येऊन बसली.

खुशालराव कापसाचे पारखी. बाजारातले अवघड तंटेही त्यांच्याकडेच येत. नत्थुजी मापारी त्यांच्या सावलीसारखा सोबत असे.

"शाळा नको असा कागद आमीच पाठवला, असं धर्मादायाचे पंच म्हनतात," सूर्यभान पाटील म्हणाले. "आमी नाई पाठवला. उद्या दुपारी पैसा परतवाड्याच्या देवळाले जाते, पान्याच्या टाक्यासाठी."

माणिकबाई माळीण खाली मान घालून बसली होती. देवळालगतचा फुलांचा वाफा तिनं शाळेला दिला होता. तिच्याशेजारी पुजारी उत्तमराव होते.

"पुजारीबुवा, शाळेले तुमचा विरोध होता म्हनतात?" नत्थुजीनं थेट विचारलं.

"होता. पोरांचा गोंगाट नको वाटला," पुजारी म्हणाले. "आता नाही."

नत्थुजीचा संशय पक्का झाला.

पंचांपुढं गावाच्या वतीनं बोलता यावं म्हणून खुशालरावांनी मुखत्यारपत्र पुढं केलं. पाटलांनी नांगराची निशाणी काढली. माणिकबाईनं दातांत जीभ धरून आपल्या नावाची पाच अक्षरं उमटवली.

"पुजारीबुवानं शिकवलं चैत्रापासून," पाटील हसले. "गावातली एक भित नाई सोडली इनं."

मग खुशालराव आणि नत्थुजी बाजारात गेले. परतवाड्याची बाजू मांडणारे पंच ओमप्रकाश गादीवर बसले होते.

"परतवाड्याला मिळालं तर मला आनंदच," ते म्हणाले. "पण शाळेचा अर्ज मी हातात धरला नाही. मुन्शीजीनं वाचला, आम्ही पंचांनी ऐकला."

पंचांचे कागद सांभाळणाऱ्या मुन्शी जानरावांनी फाल्गुनातला अर्ज आणि श्रावणातला नकार असे दोन्ही कागद काढून दिले. दोन्हींवर पाटलांचा तोच नांगर, माणिकबाईची तीच बांगडी.

"अर्ज आल्यापासून माह्याच पेटीत हाय," ते ताठ मानेनं म्हणाले. "किल्ली माह्या कमरेले. दुसऱ्याचा हात लागला नाई."

"निशाण्या जुळतात," परतताना नत्थुजी म्हणाला. "पुजाऱ्यानंच काढल्या असतीन."

"निशाण्या जुळतात, तीच तर खोट हाय," खुशालराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर त्यांनी तीन कागद मांडले: अर्ज, नकार आणि मुखत्यारपत्र.

"फाल्गुनात माणिकबाईले अक्षर येत नव्हतं, म्हनून अर्जावर बांगडी. चैत्रापासून ते नाव लिहिते, गावभर भितींवर लिहिते. मंग श्रावणातल्या नकारावर बांगडी कावून? कारण लिहिनाऱ्याले हे ठाऊकच नव्हतं. त्यानं जुन्या अर्जावरून निशाण्या उतरवल्या. म्हंजे तो हिवरखेडचा नाई. आन पुजारीबुवा तर नाईच. त्याईनंच तिले शिकवलं."

ओमप्रकाशांकडे माना वळल्या.

"शेठजींनी अर्ज फक्त ऐकला," खुशालराव म्हणाले. " ऐकून बांगडी कशी दिसते ते समजत नाई. अर्ज आल्यापासून तो एकाच मानसाच्या ताब्यात होता. ते जानरावांनी स्वतःच सांगितलं."

जानरावांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

"परतवाड्याच्या टाक्याचा दगड कोण पुरवणार होतं, मुन्शीजी?" ओमप्रकाशांनी हळूच विचारलं.

"माहा साळा," जानराव म्हणाले.

पंचांनी जानरावांकडून किल्ली काढून घेतली आणि शाळेचा ठराव तिथंच लिहवून घेतला. परतवाड्यासाठी भांडलेल्या ओमप्रकाशांनीच पहिली सही केली.

बाहेर सूर्यभान पाटलांनी मूठ मूठ गूळ वाटला. बाजारातले हमालसुद्धा "हिवरखेडचं जमलं" म्हणत गूळ घेत होते. माणिकबाई पुजाऱ्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनीच तिला हात जोडले. नत्थुजीनं मान खाली घालून पुजाऱ्यांची माफी मागितली.

हिवरखेडच्या गाडीला बैल जुंपले गेले. नत्थुजी चाकाशी घुटमळला.

"मानिकबाई, तुमच्या शाळेत माह्यावानी पन्नाशीचा मानूस चालते का?"

"चालते," ती म्हणाली. "पन लवकर येजा. पुढची जागा पोरं धरतात."