साक्षगंधाच्या फोटोतलं नाक

सलोनीचं नाक शेंड्याकडून काळं पडत चाललं होतं, आणि लग्नाला उरले होते नऊ दिवस.

पोरगी बोरी अरबची, वय तेवीस, साक्षगंध म्हणजे साखरपुडा झालेली. बुधवारी संध्याकाळी तिला यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. नाक उंच दिसावं म्हणून कोणीतरी त्यात फिलर भरलं होतं. हायल्युरॉनिक ॲसिडची जेली ती, सुईनं कातडीखाली सोडतात. जाणत्या हातात ठीक, पण चुकून रक्ताच्या नळीत शिरली की पुढचं मांस मरायला लागतं. सलोनीनं जबाब दिला : सोमवारी दुपारी गावातल्या शमाच्या पार्लरात भरलं. आधी क्रीम लावली, मग सुई.

झालं! गुरुवारी सकाळीच अर्धं गाव शमाच्या दारात. तिच्या कचऱ्याच्या डब्यात फिलरचं रिकामं खोकं सापडलं आणि बाईला ठाण्यात नेऊन बसवलं. सहा वर्षं सलोनीच्या भुवया कोरणारी ही शमा. "सुईले हात नाही लावला मी," एवढंच म्हणत होती. दोन लेकरांचं पोट त्या पार्लरावर, आणि आता तिथं कोण पाऊल ठेवणार होतं?

तपास फौजदार दिपाली राठोड यांच्याकडे आला. बाईंना सगळं सोपं दिसलं की अस्वस्थ वाटायचं. त्यांनी डब्याचा फोटो पाहिला. खाली कापलेले केस, वर खोकं. केस बुधवारी संध्याकाळचे, शेजारणीही तेच सांगत होत्या. डबा रोज सकाळी घंटागाडीत रिकामा होतो. मग सोमवारचं खोकं गुरुवारी केसांच्या वर कसं?

"खोकं कोनं काढलं?" त्यांनी हवालदाराला विचारलं.

"डॉक्टर अमरनं. पोरीचे होणारे भासरे. गर्दीत तेच पुढं होते."

नवरदेवाचा हा मोठा भाऊ यवतमाळात दातांचा डॉक्टर. दवाखान्यातली धावपळ तोच करत होता. माणूस देवासारखा, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. तो खोलीत आला की सलोनी ओढणी तोंडावर ओढून गप्प व्हायची. तिची आई भागीरथाबाई म्हणाल्या, भासऱ्यासमोर पोरगी तोंड उघडं कशी ठेवील? यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

दिपालीबाई यवतमाळला दवाखान्यात गेल्या आणि त्यांनी आईला बाहेर बाकावर बसवलं.

"सोमवारी पोरगी घरी कवा आली?"

"दिवे लागाच्या टायमाले. मैत्रिणीकडं गेलती म्हणे."

"मंग?"

"च्या देल्ला तं तोंडातून सांडे. भाकर खाता खाता वरचा ओठ चावला, रगत आलं, तरी तिले पत्ता नाही. म्या म्हटलं, लग्नापायी ध्यान नाही पोरीचं. साक्षगंधाच्या फोटोत नाक चपटं दिसते म्हने सासरचे, तेच घेऊन बसली होती."

दिपालीबाई उठल्या. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी एकच विनंती केली : पोरीचं तोंड आतून पाहा. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च धरला, पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली. मग दिपालीबाईंनी अमरला आणि भागीरथाबाईंना खोलीत बोलावलं.

"डॉक्टर, क्रीम लावली तर बधिर काय होते?"

"वरची कातडी."

"अन् ओठ चावला तरी कळू नये, इतका बधिर करायचा असला तं?"

"इंजेक्शन लागतं. हिरडीत."

"सलोनीच्या वरच्या हिरडीत दोन्हीकडं सुईची खूण आहे," दिपालीबाई म्हणाल्या. "भुवया कोरणाऱ्या बाईले हिरडीतली नस कुठून सापडन? हे काम रोज दात काढणाऱ्याचं. साक्षगंधाच्या फोटोत नाक चपटं दिसते, असं तुमच्याच घरी बोलले. तुम्ही पोरीले तुमच्या दातांच्या दवाखान्यात बोलावलं अन् भरून देल्लं. नाक काळं पडलं तसे घाबरले. आज सकाळी गर्दीत शिरून खोकं डब्यात टाकलं, अन् सगळ्यायच्या समोर तुम्हीच काढलं."

"शमाचं नाव तिनं स्वतः घेतलं आहे," अमर म्हणाला.

ते खरंच होतं. दिपालीबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पोरीचा त्यांना राग आला होता आणि कीवही. त्यांनी शांतपणे सांगितलं, ही जेली विरघळवणारं इंजेक्शन असतं. सोमवारीच दिलं असतं तर नाक बहुतेक वाचलं असतं. आता किती वाचेल, डॉक्टरीणबाईही सांगू शकत नाहीत.

सलोनीनं ओढणी खाली घेतली आणि पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंगळवारी म्या फोन केलता. तवा तुमाले हे इंजेक्शन मालूम होतं?"

अमर एक पाऊल मागं सरला.

"मले बरफ लाव म्हटलं. अन् माह्यं नाव काढशीन तं लग्न मोडन म्हटलं."

भागीरथाबाईंनी तिचा हात दाबला. "गप राह्य, माय. पत्रिका वाटल्या आपल्या."

सलोनीनं हात सोडवून घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "माह्या नाकाचं मंग लिवा. आधी शमाले घरी जाऊ द्या."

दिपालीबाईंनी तिथूनच ठाण्यात फोन लावला.