श्यामदादाचा हॉटस्पॉट

हे घडलेलं आहे. कुणाला पटवायला बसले नाही मी. पण तेव्हा मी तिथंच होते, आणि चांगली शुद्धीवर होते.

रायपूर, तेलीबांधा. ऑगस्ट २०२१. रात्र नव्हती... लख्ख उजेड होता.

माझा मोठा भाऊ श्यामदादा त्याच एप्रिलमध्ये गेला. त्याच्या मुलीची, रूपालीची, पाच वाजता नोकरीची मुलाखत होती. ऑनलाइन, आणि लॅपटॉपवरच. दादामागे घरात दुसरी कमाई नव्हती.

लॅपटॉप दादाचाच. नवं विंडोज त्याला झेपेना, मधेच बंद पडायचा. कॉम्प्युटर मी बिघडवत बिघडवत शिकले आहे. सगळं पुसून जुनं विंडोज सात टाकलं.

झकास चालू झाला.

फक्त वायफाय नव्हतं.

चिन्हावर लाल फुली. वायफायच्या कार्डापुढे पिवळी खूण... म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हरच नाही. ड्रायव्हर मिळणार इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळणार ड्रायव्हर असला तर. फोन केबलनं जोडला, तोही ओळखेना.

"काहून केलं मंग फॉरमॅट?" पद्मिनीवहिनी म्हणाली.

"हुशारी आली होती, वहिनी."

"आत्या, चार बज गए," रूपालीनं घड्याळ दाखवलं.

मी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत पळाले. ड्रायव्हर सापडता सापडेना, शेवटी मिळाला. परत आले तेव्हा पाच वाजून गेले होते.

दारातच आवाज आला...

रूपाली इंग्रजीत बोलत होती. सावकाश, न अडखळता.

मुलाखत चालू होती.

ड्रायव्हर माझ्या मुठीत होता.

मुलाखत संपल्यावर मी विचारलं, "जोडलं कुणी?"

"आपने ही किया होगा ना. अपने आप लग गया."

मी वायफायची यादी उघडली. एकच नेटवर्क...

'अपना रिचार्ज खुद कराओ.'

हे नाव श्यामदादानं त्याच्या फोनच्या हॉटस्पॉटला दिलेलं होतं. पासवर्ड त्यानं कधी कुणाला सांगितला नाही. आणि त्याचा फोन आम्ही अस्थींसोबत राजिमला नदीत सोडला होता. "त्याईले फोनबिगर करमत नाही," असा वहिनीचाच हट्ट.

कार्डापुढची पिवळी खूण... तशीच होती.

सिग्नलच्या पाचही रेषा भरलेल्या.

वहिनीनं नाव वाचलं. हळूच खाली बसली.

"हे... किती लांबून येते?"

"लई लांबून येते, वहिनी. पार वरून."

"हव," ती म्हणाली, आणि डोळे पुसून चहा ठेवायला गेली.

खोटं बोलले मी. हॉटस्पॉट एका खोलीपलीकडे धड पोचत नाही. पाचही रेषा भरायच्या तर फोन तिथंच, हाताच्या अंतरावर लागतो.

रूपालीला नोकरी लागली. त्या घरी मी अजून जाते. वहिनी त्याच खोलीत बसवते...

आणि मला कळत नाही, नेमकं कुणीकडं तोंड करून बसावं.