नावेचा कल

वजनकाटे तपासणे हा माझा व्यवसाय आहे. प्रमाणित वजने ठेवून काटा खरे बोलतो की नाही, एवढेच मी पाहतो. खोटे का बोलतो, हे शोधणे दुरुस्तीवाल्याचे काम. ही मर्यादा आरंभीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी तळ्यावर जे पाहिले त्याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

ताईचे उपचार संपले होते. आजार गेला की नुसता दडून बसला, हे सांगणारा अहवाल त्या दुपारी यायचा होता आणि डॉक्टरीणबाई स्वतः फोन करणार होत्या. फोनकडे टक लावून घरात बसण्यापेक्षा तळ्याकाठच्या वस्त्या पाहू, असे ताईनेच ठरवले.

"चल रे तराजू," गाडीत बसताना ती म्हणाली. लहानपणी मी पेरूच्या फोडी मापून वाटत असे, तेव्हापासून मी तिचा तराजू. "आज मला कुणी तब्येत विचारायची नाही. तूसुद्धा."

काठावर एक लाकडी धक्का होता, रंग उडालेली तिकीटखिडकी होती आणि उन्हात तापलेले दोन बाक. फेरीची नाव तिथून निघून कुंभारांची वस्ती, जुनी पाणचक्की आणि पक्षी पाहण्याचा मनोरा असलेले बेट, असे थांबे घेत परत येई. प्रवासी आम्ही दोघेच होतो.

नावाड्याची एक पद्धत होती. माणसे बसली तरी तो लगेच इंजिन सुरू करत नसे. धक्क्यावर उभा राहून नावेच्या मागच्या बाजूला आखलेली आडवी पांढरी रेघ पाही. ती पाण्याला समांतर नसेल, तर माणसांना इकडून तिकडे हलवी.

ताई डावीकडे बसली, मी उजवीकडे. आजारात तिचे वजन माझ्या निम्म्यावर आले होते. नाव डावीकडे कलली.

"साहेब, जरा कडेला सरका. अजून. अजून थोडं."

"आता पाण्यातच बसू का?"

"बाई, तुम्ही खाता तरी काय हो?" नावाडी हसत म्हणाला. नजर मात्र रेघेवरच होती.

"गोळ्या," ताई म्हणाली.

शेवटी त्याने वाळूची दोन पोती माझ्या पायाशी आणून टाकली, तेव्हा कुठे रेघ सरळ झाली. मी तळाची फळी उचलून पाहिली. खाली कोरडे होते. इंधनाची टाकी बरोबर मध्यावर होती. निरीक्षण लक्षात ठेवावे, निष्कर्षाची घाई करू नये, या शिस्तीने मी फळी परत बसवली.

कुंभारांच्या वस्तीत नाव लागली. मी उतरलो तेव्हा ती जेमतेम डुलली. ताई उतरली तेव्हा मात्र नाव अशी उसळली, की तिची कड धक्क्यावर आपटली आणि नावाड्याने दोरी दोन्ही हातांनी आवळली. ताई तोवर चाकापाशी पोहोचलीही होती. तिच्या हातून मडक्याचे ताट झाले. "ताटही वाईट नाही हो," असे म्हणत कुंभारीण इतकी हसली, की ताईलाही हसू आवरेना. कित्येक महिन्यांनी मी ते हसू ऐकत होतो.

पाणचक्कीत पिठाची पोती जोखण्याचा जुना काटा पाहुण्यांसाठी ठेवलेला होता. सवयीने मी आधी चढलो. माझे वजन त्याने अचूक दाखवले. मग ताई चढली. काटा माझ्या आकड्याच्या पुढे गेला आणि तिथे स्थिर राहिला.

"अगंबाई! बाळसं धरलंय मी!" ती म्हणाली. मग हसू ओसरले. "बिघडलाय ना रे हा?"

"हो. जुना आहे."

खऱ्या काट्यावर मी आयुष्यात प्रथमच आळ घेतला. ती खाली उतरल्यावर मी पुन्हा चढलो. माझा आकडा तोच होता.

बाहेर पडताना तिने माझा दंड धरला. "तुला म्हणून सांगते. आजारपणापासून असं वाटतं, की कुणीतरी कुशीला टेकून बसलंय. जड नाही वाटत. नुसतं बसलंय."

"अशक्तपणाने असे भास होतात," मी म्हणालो. होतातही.

बेटावर फोनला संपर्क मिळे तो फक्त मनोऱ्याच्या माथ्यावर. ताईला चढवेना, ती खाली बाकावर बसली आणि तिचा फोन घेऊन मी वर गेलो. पाण्यावर बदके होती. फोन वाजेना. मी नवस बोलणाऱ्यांतला नाही. तरीही कठड्याला टेकून उभा असताना 'हिच्याऐवजी मला' अशा अर्थाचे एक वाक्य मनात येऊन गेले. अशी वाक्ये ऐकणारे कुणी नसते, असे माझे शिक्षण सांगते.

फोन वाजला.

"स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीही उरलेलं नाही. जा, सांगा त्यांना."

मी वरूनच ओरडलो. ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग हात काढून, जवळ कुणी नाही हे पाहून, बाकावर चक्क आडवी झाली. मीही रडलो, तेवढे नोंदवायला हरकत नाही. उतरताना प्रत्येक पायरी माझे पाऊल उचलल्यावर पुन्हा एकदा करकरत होती. भार निघाला की लाकूड पूर्वस्थितीला येते.

परतीला नाव उजवीकडे, माझ्या बाजूला कलली. जड माणसाकडे हलकी नाव कलणारच. पदार्थविज्ञान पूर्ववत सुरू झालेले पाहून मला बरे वाटले. नावाड्याने पोती उचलून ताईच्या बाजूला नेली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि स्वतःही तिकडेच जाऊन बसला.

"आता कशी फुलासारखी बसलात बाई," तो म्हणाला.

ताई पाण्यात बोटे सोडून गुणगुणत होती.

गाडीत बसल्याबरोबर तिचा डोळा लागला. मी तिचा पट्टा लावला, माझा लावला, गाडी सुरू केली. इशाऱ्याचा आवाज सुरू झाला. समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला होता: मागची सीट, चालकाच्या पाठची, पट्टा लावलेला नाही.

पिशव्या डिकीत होत्या. मागे काहीही नव्हते.

आवाजाने ताई चुळबुळली.

मी उतरलो, मागचे दार उघडले, पट्टा ओढून खाचेत बसवला. आवाज थांबला. ताईची झोप मोडली नाही, हे फार बरे झाले.

पट्टा सीटच्या पाठीला टेकला नव्हता. वीतभर पुढे, हवेत ताणलेला होता.

मी तो थोडा सैल केला.