एकशे पस्तीस पूर्णांक तीन

सौर पॅनल बसवण्याच्या धंद्यात तिला अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या चुका ती नुसत्या नजरेनं पकडायची. स्वतःची चूक मात्र तिला एका संध्याकाळी दुकानात, भलत्याच गिऱ्हाइकाचं काम करताना सापडली.

गिऱ्हाईक थंड भागातलं होतं. पॅनलच्या पाठीवर छापलेले व्होल्ट पंचवीस अंशांचे असतात. गारठा वाढला की ते चढतात, म्हणून आकडा वाढवून धरायचा. तो वाढवता वाढवता तिचा हात थांबला. डोंगरावरच्या ताईच्या घरावर तिनं भर उन्हाळ्यात सहा पॅनल बसवले होते, तीन-तीनच्या दोन माळा. माळेचे एकशे चाळीस व्होल्ट, आणि कंट्रोलर दीडशेपर्यंत सोसणारा. झकास जमलं म्हणून तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटली होती. थंडी धरायची राहूनच गेली.

आणि वर सहा दिवस पहाटेचा पारा उणे सहावर होता. म्हणजे एकशे बावन्न व्होल्ट. एवढ्यानं कंट्रोलर जळतो, बॅटऱ्या भरत नाहीत. त्याच बॅटऱ्यांवर बाबांचं श्वासाचं यंत्र चालायचं. बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले; कूस बदलायलाही ताईचा हात लागायचा.

फोन लागेना, वरचा टॉवर बंद होता. हिमानं बंद पडलेला घाट पहाटे उघडला तशी पहिली गाडी तिचीच चढली.

ती पोचली तेव्हा सूर्य नुकता डोकं वर काढत होता. ताईनं दार उघडलं.

"अगं, इतक्या सकाळी? आणि तोंड का उतरलंय?"

"काही नाही. बॅटऱ्या तपासायच्या होत्या."

आतून यंत्राची संथ घरघर येत होती. बाबा झोपले होते, पांघरूण हळूहळू वरखाली होत होतं. तिचा जीव भांड्यात पडला. दाराच्या चौकटीला टेकून ती नुसती ऐकत राहिली.

मग ती कंट्रोलरपाशी गेली. हिरवा दिवा. त्यात रोजचा सगळ्यात वरचा आकडा साठवलेला असतो. तिनं एकेक दिवस मागं नेऊन पाहिला. एकशे पस्तीस पूर्णांक तीन. काल तेच, परवा तेच. सहाही दिवस तेच. त्याआधीचे आकडे मात्र वरखाली होते, असायला हवेत तसे.

ती शिडीनं वर चढली.

छप्पर पांढरंशुभ्र होतं. कठड्यावर हिम, पाण्याच्या टाकीवर हिम, तारांवर हिम. सहा पॅनल मात्र कोरडे, काळेभोर. ऊन अजून तिथवर पोचलं नव्हतं.

तिनं हातमोजा काढून काचेवर तळहात टेकवला.

काच गरम होती. उन्हानं तापते तशी चटका देणारी नाही. शेजारी झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.

तिनं उलटा हिशोब मांडला. एकशे पस्तीस पूर्णांक तीन व्होल्ट यायला पॅनल किती अंशांवर हवेत? तिनं दोनदा करून पाहिला.

सदतीस.

मग पॅनलवर चादरी टाकून तिनं तारा सोडवल्या, आणि दोन-दोनच्या तीन माळा जोडल्या. आता कितीही गारठो, आकडा शंभराच्या आसपास राहणार होता. उतरताना तिला हलकं वाटत होतं, पोटातला दगड काढल्यासारखं. चूक तिनं कुणालाच सांगितली नाही. बाबांची झोपमोड नको म्हणून ती तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी टॉवर सुरू झाला आणि ताईचा फोन आला.

"पॅनलवर आज हिम साचलंय गं. चालेल ना?"

"चालेल," ती मनापासून हसली. "आकडा किती आलाय?"

"एकशे दोन. आणि बाबाही आज छान आहेत बघ. तुला काळजी नको म्हणून बोलले नाही, पण सहा दिवस उजाडताना त्यांचं अंग बर्फासारखं गार पडायचं. दोन-दोन रजया घातल्या तरी ऊब म्हणून नाही. आज कसे गरमगरम आहेत!"

तिनं स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं.

"मी म्हटलं, बाबा, आज बरं वाटतंय ना? तर म्हणाले, धाकटीनं जोडणी बदलली, आता मला वर जाऊन निजायला नको."