खारट शिकरे

आमची पक्षीसहल रद्द झाली. पाहुणे आलेच नाहीत, रंगवलेल्या पाट्याही उतरवल्या. असो. ती रद्द झालीच नाही असं धरून सांगतो, कारण एप्रिलमधल्या त्या दिवशी आम्ही तिची आखणी अगदी झोकात करत होतो.

वसंतात आमच्या एल हवारिया गावाच्या डोंगरावरून शिकरे, मधुबाज, करकोचे समुद्र ओलांडून इटलीला जातात. तिथल्या लोकांच्या छपरांवरूनच ते पुढे उडणार असतात. तरी ते आधी बघायला ही मंडळी विमानाने आमच्याकडे येतात. त्यांना व्हिसा लागत नाही. पक्ष्यांनाही लागत नाही. माझ्या भावाला, लुत्फीला, लागत होता. म्हणून तो पानगळीत होडीने गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही.

होडीवाला शाझलीमामाच्या ओळखीतला. "होडी पोचली गं ताई," मामा आईला सांगायचा. "तिकडे गेलं की पोरं आईला विसरतात." आई मान डोलवायची आणि फोन चार्जिंगला लावायची.

किनाऱ्याच्या पायवाटेने आम्ही तिघं निघालो. मामा थांबे ठरवायला, मी पाट्यांच्या जागा बघायला, आई जेवण कुठे मांडायचं ते पाहायला.

"इथे चहा," मामा म्हणाला.

"मागच्या थांब्यावरही चहाच होता, मामा."

"मग?"

"मग पक्षी कधी बघायचे?"

"चहा निवेपर्यंत. तू पाटी लिही, अक्कल नको शिकवू."

शेवटचा थांबा कड्यावर. आमच्याकडे वसंतात शिकरा पकडतात, मनगटावर घेऊन गावभर हिंडवतात, त्याच्याकडून लावे मारून घेतात आणि हंगाम संपला की याच कड्यावरून सोडून देतात. शिकऱ्याला हातावर बोलावायची ज्याची त्याची शिट्टी वेगळी. लुत्फीचा पुढचा दात तुटका, त्यामुळे त्याची शिट्टी मध्येच अडखळायची.

"पाहुण्यांना इथे काहीतरी करून दाखवायला हवं," मामा म्हणाला.

मी गंमत म्हणून लुत्फीची शिट्टी घातली. अडखळीसकट.

वर घिरट्या घालणारा थवा एकदम पांगला. मग एक शिकरा आला. सगळे समुद्राकडे जात होते, हा समुद्राकडून आला. रानातला शिकरा माणसाच्या हातावर बसत नाही. हा आईच्या मनगटावर बसला.

तो निथळत होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

आईने ओढणीने त्याची पाठ पुसली आणि बोट जिभेला लावलं. "खारट," ती म्हणाली, आमटी चाखल्यासारखी.

"लाटेचं पाणी उडालं असेल," मामा म्हणाला. लाटा इतक्या खाली होत्या की त्यांचा आवाजही वर येत नव्हता.

दुसरा आला. मग आणखी. झुडपांवर, दगडांवर, एक तर आम्ही बरोबर आणलेल्या चहाच्या किटलीवर. सगळे ओले. एकानेही पंख झाडले नाहीत.

सगळे शिकरे मामाकडे बघत होते.

मामाची बोटं हलायला लागली.

"काय मोजतोयस, शाझली?"

"काही नाही."

"होडीत चढवताना तूच मोजलंस ना रे पोरांना?"

मामा खाली बसला.

"एक कमी आहे, ताई."

आई हसली. लुत्फी गेल्यापासून पहिल्यांदा.

तेवढ्यात समुद्राकडून शिट्टी आली.

मध्येच अडखळणारी.

"वारा आहे," आई म्हणाली.

वारा नव्हता.

आता ती शिट्टी रोज दुपारी येते. आई समुद्राकडच्या खिडक्या लावून घेते. तो एक शिकरा येत नाही तोवर लुत्फी पोचलेला आहे, असं तिचं म्हणणं. कोणी शिट्टीला उत्तर द्यायचं नाही, अशी मला ताकीद. मामा आमच्याकडे येत नाही.

तिच्या सांगण्यावरून मी वनखात्याकडे अर्ज केला आहे:

"सदर कड्यावर शिट्टी वाजविण्यास कायमस्वरूपी मनाई करण्यात यावी, व ही मनाई समुद्राच्या बाजूसही लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती."